जडावाची काठी

भुताखेताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. अमावास्या असते, वाटेत वडाचं झाड असतं.

माझं तसं नाही. माझ्या घरी घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, घरात माणसं असताना. कुणाकडून ऐकलेलं नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलंय, डोळ्यांनी बघितलंय. पटलं तर घ्या. नाही पटलं तर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या. पण मला त्यातलं काही सोडता येत नाही.

गाव अणदूर. साल त्र्याऐंशी, चैत्र महिना.

पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. मी रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहायला जात होते. माझे मालक महारुद्र सुतारकाम करायचे. औतं, गाड्या, दारं. त्या साली तेही काम नव्हतं. ज्याच्याकडं बैल नाही तो औत कशाला करून घेईल?

पण मालकांच्या हातात बापाकडून आलेलं आणखी एक काम होतं. जडावाचं. लाकडात बारीक खाच पाडायची, तिच्यात पितळेची तार, शिंपल्याचा नाहीतर शिंगाचा तुकडा बसवायचा आणि वरून असं घासायचं की बोट फिरवलं तर जोड लागू नये. निजामाच्या राज्यात नळदुर्गाकडचे जहागीरदार त्यांच्या बापाकडून हातातल्या काठ्या करून घ्यायचे. जहागीरदार गेले, काठ्याही गेल्या.

एक दिवस साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसचे मॅनेजर शरणबसप्पा आमच्या दारात आले. सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "मिस्त्री, काठी करायची हाय. जडावाची."

"कोण म्हातारं झालं?" मालकांनी विचारलं.

"चालायची न्हाय हो. खेळायची." त्यांनी कापडात गुंडाळलेली एक मोडकी काठी काढली. मागं जाड, पुढं निमुळती. "हैदराबादेच्या कुण्या नवाबाचं बिलियर्डचं टेबल आलंय गेस्ट हाउसला. हिरवं कापड, खाली दगडाची फरशी. वर रंगीत चेंडू ठिवायचे अन् ह्या काठीनं ढकलायचे."

मी आतून म्हणाले, "एवढी मोठी माणसं काठीनं गोट्या खेळत्यात व्हय?"

"अक्का, हे बाहेर बोलू नका. चेअरमनसायबांचे पाहुणे मुंबईहून येणार हायत. त्यांच्या हातात द्यायची हाय."

हसलो आम्ही. पण मालकांनी ती काठी मांडीवर घेऊन नीट न्याहाळली. त्यांना दुसरी एक गरज होती आणि शरणबसप्पांना ती ठाऊक होती.

आमची एकच लेक, चांगुणा. तिला सिद्धेश्वर नावाचा मुलगा सांगून आला होता. मुलगा चांगला, कारखान्यात हंगामी कामावर. त्याचे वडील म्हणत होते, पोरगा कायम झाल्यावर हळद लावू. असं म्हणत दुसरं वर्ष चाललं होतं.

"काठी मनासारखी झाली तर मी सायबांच्या कानावर घालतो," शरणबसप्पा म्हणाले. "माझ्यावर सोडा."

काम ठरलं.

आता अडचण लाकडाची. ही काठी केसाएवढी जरी वाकली तरी कामातून गेली. नवं लाकूड उन्हाळ्यात पीळ घेतं. त्याला वर्षानुवर्षं सावलीत सुकलेलं, सरळ, जड लाकूड पाहिजे.

ते मालकांना आठवडी बाजारात मिळालं. मी त्या दिवशी कामावर होते. नळदुर्गच्या वाटेवरच्या एका वाडीची बाई घरातली जुनी भांडी-लाकडं विकायला बसली होती. त्यात खैराची दोन मुसळं होती. एकत्र बांधलेली. मालकांनी ती घरी आणली आणि बांधलेलं सूत चाकूनं कापून टाकलं. अडकवण्यासाठी बांधलं असेल असं त्यांना वाटलं.

एका मुसळाची काठी करायला घेतली. दुसरं कोपऱ्यात उभं राहिलं.

संध्याकाळी मी रंध्याचा भुसा झाडताना ते सूत माझ्या हाताला लागलं. जीर्ण झालेलं, धुरानं काळं पडलेलं. पण आतल्या पिळात अजून पिवळं होतं.

हळदीचं पिवळं.

बायकांना हे सांगावं लागत नाही, पण सगळ्यांसाठी सांगते. लग्नाच्या आधी आमच्याकडं घाणा भरतात. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधायची. सवाष्णींनी समोरासमोर उभं राहून उखळात हळद कांडायची. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. कांडून झालं की दोन्ही मुसळं हळदीच्या सुतानं एकत्र बांधून ठेवायची. ते सूत नवरीनं आपल्या हळदीच्या हातांनी सोडायचं. दुसऱ्या कुणी नाही.

"अहो, हे कुणाच्या तरी घाण्याचं हाय," मी म्हणाले. "नवरीनं सोडलेलं न्हाय. तुमी कापलंसा?"

"जुनं लाकूड हाय. त्या पोरीला आता नातवंडं झाली आस्तील," ते म्हणाले आणि पटाशीला धार लावू लागले.

शरणबसप्पांनी जडाव चौकटीचा सांगितला होता. पत्त्यातल्या चौकटीसारखा, चार टोकांचा. कागदावर काढून दिला होता. मालक चार दिवस खपले. त्यांच्यासारखा हात आमच्या भागात कुणाचा नव्हता, त्यांची रेघ कधी चुकायची नाही. काम उरकल्यावर त्यांनी काठी पुसली, शहाबादी फरशीवर लोळवून बघितली. एका जागी डुलली नाही. खैराचा काळसर लाल रंग, त्यात पितळेची बारीक रेघ, आणि तिच्याभोवती पांढऱ्या शिंपल्याची...

आंब्याची पानं.

पाच पानं. देठाला देठ लावून बांधल्यासारखी.

मी मालकांकडं बघितलं. ते काठीकडं बघत होते.

"मी चौकटच आखली हुती," ते हळूच म्हणाले. "चौकटच कोरली हुती."

शरणबसप्पांना मात्र पानं आवडली. चौकटीपेक्षा भारी दिसतात म्हणाले आणि काठी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला.

तलावाचं काम त्या दिवसापासून बंद होतं, मी घरी होते. ऊन माथ्यावर आलं होतं. गावात चिटपाखरू हलत नव्हतं. मालक ओसरीवर आडवे झाले होते, चांगुणा आतल्या खोलीत झोपली होती. मी तांदूळ निवडत होते आणि मागच्या कामाच्या खोलीतून...

धप्.

मी कान दिला. काही नाही.

धप्.

परत काही नाही. मग पुन्हा धप्.

ज्या बाईनं जन्मभर कांडलंय तिला तो आवाज कळतो. उखळात हळकुंडं असताना मुसळ पडलं की असाच दबका आवाज येतो. पण गावात गिरणी येऊन किती वर्षं झाली होती. त्यात असला दुष्काळ. कांडायला कुणाच्या घरात काय होतं?

आणि आमच्या घरात तर उखळच नव्हतं.

मी उठून खोलीचं दार उघडलं. आवाज थांबला. कोपऱ्यात ते दुसरं मुसळ उभं होतं. हललेलं दिसत नव्हतं. जमिनीवर खड्डा नव्हता, भुसा जसाच्या तसा होता.

मग रोज तेच सुरू झालं. दुपार झाली की धप्... मग एक मोकळी जागा... मग धप्.

त्या मोकळ्या जागेचीच मला जास्त भीती वाटायची. ती समोरच्या बाईची जागा होती. एकजण कांडत होती आणि दुसरीच्या मुसळाची वाट बघत होती.

मालकांना ऐकू येत होतं. ते कबूल करत नव्हते. "उंदीर आस्तील," म्हणायचे आणि पालथे झोपायचे.

मग मी चांगुणाचे हात बघितले.

ती भाकरी थापत होती आणि मध्येच थांबून फुंकर घालत होती. मी तळवा उलटा करून बघितला. बोटांच्या मुळाशी फोड आले होते. दोन्ही हातांना. काही फुटले होते.

"हे कशानं?"

"काय की. झोपून उठले की आस्त्यात."

तसले फोड मला माहीत होते. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मला आले होते, पोतंभर ज्वारी कांडल्यावर. चांगुणानं जन्मात मुसळ धरलं नव्हतं.

त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसून राहिले. ती गाढ झोपली होती. मागच्या खोलीत आवाज सुरू झाला तसे तिचे हात पोटावर आवळले. मुठी झाल्या. एकीवर एक, काहीतरी धरल्यासारख्या. मग झोपेतच ती गुणगुणायला लागली. आवाज तिचाच होता. चाल मात्र जुनी, माझ्या आईच्या काळची.

घाणा गं भरीला, मुसळ खैराचं
बानूच्या मांडवात ऊन गं चैताचं

मी तिला गदागदा हलवून उठवलं.

"कोण बानू?"

"कोण बानू?" तिनंच मला विचारलं.

संध्याकाळी मी मालकांसमोर बसले. "काठी परत आणा. दोन्ही मुसळं ज्याची त्याला देऊन टाकू."

"अन् शरणबसप्पाला काय सांगू? काठीत भूत हाय?" ते चिडले. "उद्या सिद्धेश्वरची ऑर्डर निघायची हाय. आज काठी मागितली तर ते तोंड फिरवत्याल. पोरीचं लगीन मोडायचंय का तुला?"

"पोरच राहिली न्हाय तर लगीन कुणाचं लावायलाव?"

तरी ते काठी मागायला गेले नाहीत.

शेवटी शरणबसप्पाच आले. दुपारची वेळ होती, घामानं सदरा अंगाला चिकटला होता. पाणी प्यायले, बाजेवर टेकले. ऑर्डर निघाली, सिद्धेश्वर कायम झाला, असं सांगितलं. मालकांचा चेहरा उजळला. शरणबसप्पांचा मात्र उजळला नाही.

"मिस्त्री, एक इचारू? हसू नका."

"इचारा की."

"ती काठी आवाज करती."

मालकांची नजर मागच्या खोलीकडं गेली.

"दुपारी सगळं सामसूम झालं की. मी स्वतः जाऊन बघितलं. स्टँडात उभी आस्ती अन् फरशीवर आपटल्यागत आवाज येतो. दार उघडलं की बंद. वॉचमन काम सोडून गेला. आता मीच एकटा." त्यांनी बोटाचं पेर बाजेच्या लाकडावर वाजवून दाखवलं. "असं. ठक्... मग गप. मग ठक्... मग गप."

ते दाखवत होते आणि त्यांच्या दोन ठोक्यांच्या मधोमध, मागच्या खोलीतून...

धप्.

त्यांचं बोट हवेत राहिलं.

धप्.

"अय्य शिवा," ते पुटपुटले. "तिकडं एक वाजतंय, इकडं एक."

मालकांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं की त्यांनाही ऐकू येतं. शरणबसप्पा उठले, म्हणाले, "पाहुणे उद्या जाणार. ते गेले की काठी तुमच्या दारात. बदल्यात काय नको. चेअरमनसायबांना मी सांगतो, वाळवी लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि मालक त्या वाडीला गेलो. मुसळं विकणारी बाई भेटली, तिचा सासरा भेटला. ज्ञानोबा. पिकलेला माणूस. मुसळं विकली गेली हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो छावणीवर जनावरांपाशी होता. ऐकल्यावर त्यानं आधी आढ्याकडं बघितलं. तिथं नुसती दोरी लोंबत होती.

"सून नवी हाय. तिला कुणी सांगितलं न्हाय," तो म्हणाला.

"माझी बानू," तो म्हणाला.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. बानूचं लग्न ठरलं होतं. चैत्रात घाणा भरला, हळद कांडली, मुसळं बांधली. वऱ्हाड सोनारी गावाकडून यायचं होतं. आलंच नाही. नवऱ्याकडची माणसं पोट भरायला गाव सोडून गेली होती. कुठं गेली, कुणाला सांगता येईना. लोक म्हणाले, सूत सोडा, दुसरा बघू. बानू ऐकेना. "ते येत्याल. मी सोडल्याबिगर सोडू नका," म्हणायची. रोज दुपारी त्या मुसळांपाशी वाटेकडं तोंड करून बसायची. उन्हाळा सरता सरता तिला ताप भरला आणि ती गेली.

"मी तिचा शब्द मोडला न्हाय. तसंच आढ्याला बांधून ठिवलं," ज्ञानोबा म्हणाला. "बांधलेलं हुतं तवर गप हुतं."

"आता काय करायचं, बाबा?" मी विचारलं.

"दोन्ही एकत्र करा. सूत बांधा. मी येऊन घेऊन जातो. पण बाई, एक ध्यानात ठिवा. ते सोडायचं तर हळदीची नवरी लागती. तुमच्या घरात तसं कुणी आसंल तर लांब ठिवा."

मी मालकांकडं बघितलं. सिद्धेश्वर कायम झाल्यावर त्याच्या वडिलांनी जराही वेळ लावला नव्हता. आदल्या संध्याकाळीच तारीख काढून झाली होती.

पाहुण्यांचा मुक्काम लांबला. शरणबसप्पा काठी घेऊन आले ते नेमके चांगुणाच्या हळदीच्या दिवशी सकाळी. चादरीत गुंडाळून आणली होती. मी ती घेतली, मागच्या खोलीत नेली. मुसळाला लावून उभी केली. उंची सारखी नव्हती, एकाची काठी झाली होती, तरी मी नव्या सुताचे वेढे दिले, हळद लावली आणि गाठ मारली. घट्ट. माझ्या तळव्यांना वळ पडले एवढी घट्ट. मालकांनी बाहेरून कडी घातली. ज्ञानोबाला निरोप गेला होता, तो उन्हं कलल्यावर येणार होता.

अंगणात शेजारणीचं उखळ आणून चांगुणाचा घाणा भरला. दोघी सवाष्णी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचं वर, दुसरीचं खाली. मध्ये मोकळी जागा नव्हती. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

चांगुणाला हळद लागली. पाटावर बसून ती हसत होती, मैत्रिणींना शिव्या देत होती. मी तिच्यावरची नजर हलवत नव्हते.

मग बायका जेवायला बसल्या. मी वाढायला वाकले. भात वाढला, आमटी वाढली आणि वर बघितलं तर...

पाट मोकळा होता.

मी धावत मागं गेले. कडी निघालेली होती. दार लोटलेलं.

आत चांगुणा भुईवर मांडी घालून बसली होती. दोन्ही लाकडं तिच्या दोन बाजूंना आडवी पडली होती. हळदीनं माखलेल्या बोटांनी ती सुताची गुंडी करत होती. सावकाश, एकेक वेढा. घाई नव्हती.

"चांगुणे, काय केलंस हे?"

तिनं मान वर केली. चेहरा इतका शांत होता की तिला ओरडायला माझी जीभ उचलली नाही.

"सुटलं, आई," ती म्हणाली. "लई वर्सं झाली गं बांधून."

सूत मी त्याच सकाळी बांधलं होतं.

ज्ञानोबा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही लाकडं हातात घेतली, कानाला लावली, मग खांद्यावर टाकली. "आता नुसती लाकडं हायत," म्हणाला. जाताना दारात थांबला. चांगुणाकडं त्यानं एकदा बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला. पोरीला आशीर्वाद देऊन जा, असं मी म्हणणार होते. म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सगळं नीट झालं. चांगुणाच्या तळव्यांवरचे फोड एका रात्रीत बसले होते.

आमच्यात नवरीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहितो. सासूनं सुमन हे नाव ठरवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. सिद्धेश्वरनं ताट पुढं ओढलं आणि अंगठी फिरवली. बायका वाकल्या. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. मला नुकतीच प्रौढवर्गात अक्षरं लागली होती, एकेक जोडून वाचावं लागायचं.

ब ला काना.

न ला उकार.

मी मालकांचा दंड धरला.

"अरं, सुमन ठरलं हुतं की," सासू म्हणाली.

सिद्धेश्वर गोंधळून ताटाकडं बघत होता. "तुमीच हे सांगितलंसा न्हवं?"

"मी कवा सांगितलं?"

"मग कानात कोण बोललं?"

माणसं हसली. पोरगा घाबरलाय म्हणाली. सासूही हसली, म्हणाली, असू दे, वाईट नाही, बोलायला सोपं आहे. सिद्धेश्वर बानूचं नाव ऐकून असेल असं म्हणावं तर त्या वाडीला मी आणि मालक दोघंच गेलो होतो, आणि आम्ही कुणापाशी बोललो नव्हतो.

चांगुणा खाली मान घालून बसली होती. मला तिचा चेहरा दिसला नाही.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मालक गेले. शरणबसप्पा निवृत्त होऊन गुलबर्ग्याकडं गेले, त्यांचं पुढं काही कळलं नाही. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. लेकीचा संसार चांगला झाला. दोन मुलं, एक सून. नवरा तिला फुलासारखं जपतो. सगळं गाव तिला बानूबाई म्हणतं. माझ्याशीही ती प्रेमानं वागते, माझी औषधं लक्षात ठेवते.

पण पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली होती तेव्हाची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. ती ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसली होती. दुपार होती. मी आतून हाक मारली, "चांगुणे, जेवायला चल."

तिनं बघितलं नाही.

मी जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. तिची पाठ हलली नाही. ऐकू आलं नसेल म्हणावं तर तेवढ्यात अंगणात चिमणी उतरली, आणि तिच्या पंखांच्या आवाजानं तिनं मान वळवली.

मग माझ्या तोंडून अगदी हळू, मला स्वतःला ऐकू येईल एवढंच, ते दुसरं नाव निघालं.

ती लगेच वळली. हसली. "आले, आई," म्हणाली.

तेव्हापासून मी माझ्या लेकीला नावानं हाक मारलेली नाही.